खेळ वेगळा, डाव वेगळा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेच्या सूचनापत्रात आमचा विषय ‘मोबाईल गेमचे दुष्परिणाम’ असा छापला गेला आहे. तो आम्ही थोडा बदलून घेतला, त्याबद्दल कार्यवाहांची क्षमा मागतो. अडचण अशी की आम्ही स्वतः व्हिडिओ गेम खेळतो. वय पंचेचाळीसच्या पुढे, शिक्षण बी. कॉम., नोकरी बँकेत कारकुनाची, आणि रात्री जेवणानंतर तासभर गेम. घरी यावरून बोलणी खातोच. म्हटले, आज इथेही खाऊ.

आमच्या लहानपणी काचीगुड्याला एका घराच्या पुढच्या खोलीत टी. व्ही.ला जोडलेला गेम तासावर मिळायचा. मारिओ आणि कॉन्ट्रा. कॉन्ट्रा दोघांनी मिळून खेळायचा. एकाने घाई केली की दुसराही मरायचा. पुढे सिकंदराबादच्या पार्कलेनवरून कॉम्प्युटरचे सुटे भाग आणून मित्राकडे मशीन जोडले आणि त्यावर ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळलो. ज्या पोराला इतिहासात पस्तीस मार्क पडत, तो बायझंटाईन साम्राज्यावर तासभर बोलू लागला. एवढ्या वर्षांत या छंदाने आमचे काय नुकसान केले? थोडे पैसे, बरीच झोप, आणि बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विषय. तो विषय आम्ही ऑक्टोबरमध्ये सोडवला.

हे सांगायचे कारण असे की घराघरांत ‘गेम’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी ढकलल्या जातात. नातू बंदुकीचा गेम खेळत असला तर आजोबांचा आवाज चढतो. त्याच घरात तिशीचा मुलगा पलंगावर पडून मोबाईलवर रमी लावत असेल तर कोणाचे लक्ष जात नाही, कारण तो शांत असतो. बँकेच्या काउंटरवर बसून आम्हाला उलटे दिसते. बंदुकीच्या गेमपायी मोडलेली एफ. डी. आम्ही अजून पाहिलेली नाही.

आता रमीचा विषय निघालाच आहे, तर तिचे कायद्यातले मोठेपण आपल्याच जुळ्या शहरातून आले, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी धाड घातली आणि निजामाच्या काळातल्या, 1305 फसलीच्या, हैदराबाद जुगार कायद्याखाली खटला भरला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 1967 साली निकाल लागला की रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. कोणते पान गेले, कोणते राहिले हे लक्षात ठेवावे लागते, ती तीन पत्तीसारखी नव्हे. निकाल चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. समोर होता एक क्लब, काही टेबले, एकमेकांना ओळखणारे सभासद, आणि क्लब बंद व्हायची एक वेळ. पुढे पन्नास वर्षांनी याच निकालाचा आधार घेऊन मोबाईलवर चोवीस तास रमी चालू राहिली. तिथे समोर कोण बसला आहे ते दिसत नाही आणि ‘चला, दिवे मालवा’ म्हणणारा चौकीदारही नाही.

तेलंगण सरकारने 2017 साली वटहुकूम काढून ही पळवाट बंद केली. कौशल्याचा खेळ असला तरी पैसे लावून ऑनलाईन खेळायचा नाही. तेव्हा आमच्या बँकेतही चर्चा झाली की बरे झाले, सुटलो. पण आपली कुटुंबे एका राज्यात कुठे राहतात? माहेर नांदेडला, आजोळ बिदरला, मुलगा पुण्याला. मूसीच्या काठी जो गुन्हा, तीच रात्रीच्या गाडीने नांदेडला उतरले की करमणूक.

इथे आम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. नावगाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोनतीन तपशील बदलले आहेत. आपल्यातलेच एक काका, सरकारी नोकरीतून निवृत्त, 2022 च्या सुमारास आमच्या काउंटरवर एफ. डी. मोडायला आले. मुदतीला दोन महिने राहिले होते. आम्ही म्हटले, “काका, एवढे थांबलात तर व्याज बुडणार नाही.” ते म्हणाले, “मुलाला पुण्यात धंद्यासाठी हवेत रे, त्याचे अडते आहे.” चार महिन्यांनी दुसरी मोडली. मुलाबरोबरच्या जोडखात्याचे पासबुक त्यांनी छापायला दिले, आणि छपाईच्या यंत्रातून पान वर येताना आम्ही वाचत गेलो. पाचशे, हजार, पुन्हा हजार, दोन हजार. सगळ्या नोंदी यू. पी. आय.च्या. पैसे घेणाऱ्याच्या जागी ज्याची जाहिरात क्रिकेटच्या सामन्यात दर षटकाला दिसे, तसल्या ॲपचे नाव. एका दिवसात सतरा नोंदी मोजल्या.

खाते काकांचेही होते, पासबुकही त्यांचेच. ‘काका, हे पान जरा वाचा’ एवढे म्हणायला कोणता नियम आड येत होता? आम्ही गोपनीयतेची सबब मनाशी घेतली, पासबुक मिटून परत दिले, आणि वर म्हणालो, “झाले काका, पान भरले, पुढच्या वेळी नवे पुस्तक.” त्यांनी चष्मा लावून फक्त शेवटची शिल्लक पाहिली. तिसरी एफ. डी. मोडली तेव्हा त्यांनी कारण सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. तो मुलगा आज इथेच घरी आहे आणि कर्ज फेडतो आहे. काका आम्हाला अजूनही मान देतात. तोच आम्हाला जड जातो.

आता सरकारची बाजू. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशोब मांडतो. समजा, खेळणाऱ्याने शंभर रुपये लावले आणि कंपनीने आपले दहा रुपये कमिशन कापले. पूर्वी कंपन्या त्या दहा रुपयांवर अठरा टक्के जी. एस. टी. भरत, म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे. 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के लागू झाले, म्हणजे शंभरावर अठ्ठावीस रुपये. त्याआधी एप्रिलपासूनच जिंकलेल्या निव्वळ रकमेवर तीस टक्के टी. डी. एस. कापला जात होता. म्हणजे हरला तरी सरकारला, जिंकला तरी सरकारला. दोन वर्षे असा कर घेऊन झाल्यावर, ऑगस्ट 2025 मध्ये, हे घातक आहे असे म्हणत त्याच सरकारने संसदेत बंदीचा कायदा आणला. सुमारे 45 कोटी लोक वर्षाला 20 हजार कोटींच्या घरात गमावतात, असा अंदाज तेव्हा सरकारकडूनच आला. मग आधीची दोन वर्षे कोणत्या खात्यावर टाकायची?

त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्राच्या विधान परिषदेतली एक चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर सभागृहात रमी दिसत होती. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले, त्यावर सगळे पोट धरून हसले. आम्हीही हसलो. पण ती रमी महाराष्ट्रात त्या दिवशी कायदेशीर होती, हे कोणी फारसे बोलले नाही. शेतकऱ्याचा मुलगा बांधावर बसून तीच खेळत असेल तर त्याची चित्रफीत कोण काढणार?

नव्या कायद्याची एक गोष्ट मात्र आम्हाला मनापासून पटली. नशीब की कौशल्य, हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला. पैसे लावता का, एवढेच विचारले. पैसे लावून चालणारा खेळ बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता, आणि साध्या करमणुकीच्या गेमला मोकळीक. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्याचे पैसे फिरवणाऱ्यालाही तेवढीच, म्हणजे यात बँकाही आल्या. भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावरून ड्रीम इलेव्हनचे नाव उतरले आणि सप्टेंबरचा आशिया चषक आपण कोऱ्या जर्सीत खेळलो. कंपन्या न्यायालयात गेल्या आहेत. परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या साइट कशा आवरणार, ही आमची शंका अजून शिल्लक आहे.

बंदी म्हटली की सगळ्यांना बरे वाटते. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी बंद झाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटायचेच बाकी होते. पण ती बंदी मुलांच्या डोळ्यांसाठी नव्हती. गलवाननंतर चीनशी संबंधित 118 ॲप गेली, त्यात तो गेला. पुढच्या जुलैत तो नाव बदलून परत आला. मुले तीच होती, डोळेही तेच.

आणि गेममध्ये पाहण्यासारखे काय असते, असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही पुण्यात तयार झालेला ‘राजी’ दाखवू. 2020 साली आला. भाऊ हरवलेली एक मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, आणि पडद्यावर पहाडी चित्रांचे रंग. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होते. आपल्या हैदराबादेतही हे काम चालते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या कंपनीचा स्टुडिओ इथे आहे. आपल्या घरातली मुले तिथे नोकरीला लागली तर आईवडील ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असे सांगतात. गेम बनवतो म्हणायला लाज वाटते.

शेवटी एक अवघड गोष्ट. गणपतीच्या दहा दिवसांत याच सभागृहाच्या मागच्या खोलीत रमीचे टेबल लागते. पाच पैसे पॉइंटपासून सुरू झालेले आता कितीवर गेले, ते खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. आम्हीही बसलो आहोत, नाही म्हणत नाही. यंदा टेबल लावा, पत्ते लावा, पैसे लावू नका, असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे लेखी दिला आहे. शेजारी एक टी. व्ही. आणि आमचे गेमचे मशीनही मांडू. आजोबांनी नातवाबरोबर बसावे, पहिले दोन दिवस हरावे. ठरावाला अनुमोदक अजून मिळालेला नाही. सभा संपल्यावर आम्ही दाराजवळच उभे आहोत.