समुद्राला न मिळणारी नदी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



प्रारंभ मी माझ्या एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी नववीच्या चाचणीत मी विधान दिले होते, 'प्रत्येक नदी शेवटी समुद्राला मिळते. चूक की बरोबर?' एका विद्यार्थ्याने 'चूक' असे लिहिले आणि मी त्याचा गुण कापला. दुसऱ्या दिवशी तो भीत भीत आला व म्हणाला, "सर, माझे मामू आफ्रिकेत बोट्स्वाना देशात असतात. ते म्हणतात, तिकडची नदी वाळूत संपते." आपल्या कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आफ्रिकेत गेली आहेत, तेव्हा मामूंचे मला नवल वाटले नाही. घरी जाऊन नकाशा उघडला. मामू खरे होते! आपल्या राजस्थानातील लुणीसुद्धा कच्छच्या रणात जिरते, हेही मी विसरलो होतो. मी वर्गासमोर चूक कबूल केली व त्याचा गुण परत दिला. त्या नदीविषयी मात्र तेव्हापासून वाचत राहिलो.

तेथे प्रत्यक्ष जाणे शिक्षकाच्या पगारात बसणारे नाही. म्हणून आज आपण मनाने जाऊ. हे भाषण स्मरणिकेत वाचणाऱ्यांनी नकाशा शेजारी उघडून ठेवावा.

या नदीचे नाव ओकावांगो. ती अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशात उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि बोट्स्वानात कलहारीच्या वाळूवर हाताच्या पंजासारखी पसरते. अंगोलात पाऊस पडतो साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण हा प्रदेश इतका सपाट आणि लव्हाळ्यांनी इतका भरलेला आहे की ते पाणी पलीकडच्या माउन गावापर्यंत पोहोचायला जून-जुलै उजाडतो. त्या महिन्यांत बोट्स्वानात पावसाचा थेंबही नसतो. सारे रान वाळलेले असते आणि नेमका तेव्हाच पूर येतो! मोठ्या पुरात दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक भूमी ओली होते.

म्हणूनच प्राणी पहावयास जाणारे लोक जून ते ऑक्टोबर हा काळ निवडतात. भोवतालचे पाणवठे आटले की हत्ती, रानम्हशी, झेब्रे या ओलाव्याकडे चालत येतात आणि त्यांच्यामागे सिंह व रानकुत्रे येतात. नोव्हेंबरनंतर पाऊस पडला, की हेच कळप पुन्हा दूरवर पांगतात.

तेथे फिरण्याचे जुने साधन म्हणजे मोकोरो. ही एका झाडाचे खोड कोरून केलेली अरुंद होडी. झाडे वाचावीत म्हणून आता फायबरच्या होड्याही वापरतात. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो. प्रवासी पाण्याच्या जवळजवळ पातळीवर बसतो. समोर लेचवे जातीची हरणे गुडघाभर पाण्यातून उड्या मारीत जातात आणि झाडाच्या शेंड्यावरून मत्स्यगरुडाची हाक ऐकू येते. नावाडी उथळ पाण्यातून जातो, कारण खोल पाणी पाणघोड्यांचे. येथे मोठ्याने बोलावयाचे नाही, होडीत उभे राहावयाचे नाही.

पण मित्रहो, केवळ सिंह पाहून परतणाऱ्याने अर्धेच पाहिले, असे मी म्हणेन. ही भूमी घडविण्यात प्राण्यांचाही हात आहे. पाणघोड्यांच्या वाटांमुळे लव्हाळ्यांतून पाण्याला मार्ग मिळतो. वाळवीच्या वारुळांवर झाडे उगवतात आणि त्यांतून बेटे तयार होतात. नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी वाफ होऊन उडून जाते, तरी उरलेले पाणी गोडे राहते. कारण बेटांवरील झाडे पाणी शोषून घेतात आणि क्षार बेटांच्या पोटात साचत जातो.

माणसाचाही हात आहे. शिकारीने प्राणी घटू लागले, तेव्हा १९६३ साली तेथील बटवाना लोकांनी, पुलाने मोरेमी या त्यांच्या राणीच्या नेतृत्वाखाली, स्वतःच्या भूमीवर अभयारण्य उभारले. तेच आजचे मोरेमी अभयारण्य. २०१४ साली या प्रदेशाची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्या यादीतील ते एक हजारावे स्थळ.

आता प्रश्न असा, की हे सर्व कोणाच्या हाती आहे? बटवानांनी आपले रान राखले; पण पाणी अंगोलातून येते. अंगोलात १९७५ ते २००२ पर्यंत यादवी युद्ध चालले. शांतता आल्यावर तेथील माणसांनाही शेती, वीज, पिण्याचे पाणी हवेच आहे, आणि त्यांची ती मागणी न्याय्य आहे. पण वर मोठे बंधारे झाले, पुराची वेळ चुकली, तर खाली ती तूट भरून काढणारा पाऊस नाही. म्हणून अंगोला, नामिबिया व बोट्स्वाना या तीन देशांनी १९९४ साली संयुक्त आयोग नेमला. एकाच नदीवर जगणाऱ्यांनी एकत्र बसून बोलावे, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे वरच्या वाडीने पऱ्ह्या अडवला, की खालच्या वाडीत काय होते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या नोकरीनिमित्त आफ्रिकेत गेला, तर हे पाणथळ रान अवश्य पाहा. मोकोरोत बसल्यावर नावाड्याला एवढेच विचारा, "यंदा वरून पाणी कसे आले?" त्याचा वर्षभराचा संसार त्या उत्तरावर चालतो. आणि येथेच राहिलात, तर शिक्षकाने शिकविलेलेही एकदा नकाशावर पडताळून पाहा. तुमचा गुण मी कापणार नाही.