धूर जातो कोठे?



आपल्या खालापूर तालुक्यात महामार्गालगत अनेक गोदामे आहेत. गोदामात माल उचलून रचणारी फोर्कलिफ्ट गाडी कोठे गॅसच्या सिलिंडरवर, तर कोठे बॅटरीवर चालते. यांपैकी हवेला कमी अपाय करणारी कोणती? ‘बॅटरीची, कारण तिला धूर नाही,’ असे उत्तर चटकन येते. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

आपल्याच घाटाचे उदाहरण घ्या. १९२९ साली कल्याण-पुणे रेल्वेमार्गावर विजेची इंजिने आली. कर्जतहून घाट चढताना बोगद्यांत कोंडणारा धूर कमी झाला. परंतु ती वीज ठाकुर्लीजवळच्या चोळा वीजकेंद्रात कोळसा जाळून तयार होई. म्हणजे धुराने जागा बदलली. याउलट खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रात १९१५ पासून लोणावळ्याकडील तलावांचे पाणी नळांतून खाली आणून वीज निर्माण केली जाते. तेथे कोळसा जळत नाही. तेव्हा विजेचा हिशेब तिच्या उगमापासून करावयास हवा.

आज देशातील बहुतांश वीज कोळशाची आहे. सरासरीने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक किलो गॅस जळाला की सुमारे ३ किलो. म्हणजे एक किलो गॅस ढोबळमानाने चार युनिट विजेबरोबर. तेवढ्याच कामास याहून कमी वीज लागली, तर बॅटरीची गाडी सरस.

मात्र गोदामातील माणसाच्या दृष्टीने फरक उघड आहे. गॅसच्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तो साचला तर डोके दुखते, चक्कर येते, माणूस दगावूही शकतो. तेथे राबणारी मुले आपलीच आहेत.

बॅटरीही निर्दोष नाही. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. तेथे वारा खेळता हवा आणि विडी-काडी नको. जुनी बॅटरी उघड्यावर फोडली तर शिसे मातीत मुरते. २०२२ च्या नियमांनी तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

विद्यार्थ्यांनो, गोदामात काम करणाऱ्या घरच्या माणसास विचारा : एका पाळीत गॅस किती किलो लागतो, वीज किती युनिट, आणि दारे-खिडक्या उघड्या असतात का? पहिल्या दोन प्रश्नांचा हिशेब वहीत मांडा. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर पालकहो, ते व्यवस्थापकांच्या कानावर अवश्य घाला.