कांड्या भरणाऱ्या हातांचा हिशेब

भाट्याच्या खाडीकाठी सुताची जाळी विणणारे हात माझ्या पिढीने पाहिले आहेत. नायलॉनचं तयार जाळं आलं आणि ते विणणं फाटलेलं सांधण्यापुरतं उरलं. फारसं कुणी हळहळलं नाही, कारण मासेमारीला नायलॉन खरोखरच बरं. कापडाची गोष्ट वेगळी आहे. यंत्रमागावरचं कापड हातमागाचा काठ उचलतं आणि हातमागाच्याच नावाने खपतं. विणकर मागे पडतो तो या लबाडीमुळे, आणि व्यापाऱ्याच्या वहीमुळे.

ही वही कशी चालते? व्यापारी सूत देतो, विणकर साडी विणून मजुरी घेतो. ती साडी पुढे केवढ्याला गेली, हे त्याला कळत नाही. ताणा लावणं, कांड्या भरणं ही कामं घरातल्या बायका-मुलांनी करायची, ती बहुधा हिशेबाबाहेरच. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशात पस्तीस लाखांवर विणकर आणि पूरक कामगार मोजले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच. सुमारे दोनतृतीयांश विणकर कुटुंबांचं मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होतं. कबीर विणकर होता हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच्या कापडाला भाव काय मिळायचा, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्ही कवीसुद्धा नाही!

अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने नर्मदाकाठी महेश्वरला माग वाढले. तिथल्या विणकरांत अन्सारी मुस्लिम कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. स्वातंत्र्यानंतर हे माग मंदावले. १९७०च्या दशकाअखेर रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ ही संस्था काढली. काही मोजक्या मागांवर सुरुवात झाली आणि आजवर कांड्याच भरत आलेल्या बायकांना मागावर बसवलं गेलं. २००३मध्ये सॅली होळकरांनी ‘विमेनवीव्ह’ सुरू केली. विणकराच्या तरुण मुलांना नक्षीबरोबर खर्च काढणं, भाव सांगणं, ग्राहकाशी बोलणं शिकवणारी हातमाग शाळाही पुढे उभी राहिली. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते भाव सांगायला शिकवणं.

‘फेअर ट्रेड’ म्हणजे न्याय्य व्यापार, तो हाच. त्याच्या जागतिक संघटनेच्या नियमांत एक कलम मोठं व्यवहारी आहे: हस्तकलेच्या मालाला कारागिराने मागणी केल्यास किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. सावकाराचं दार टळतं ते इथे. अर्थात दूरच्या ग्राहकावर विसंबण्यात धोका आहेच. २०२०च्या टाळेबंदीत मागणी थांबली आणि विणलेला माल ठिकठिकाणी पडून राहिला. म्हणून जवळचा ग्राहकही हवा, म्हणजे तुम्ही-आम्ही.

प्रदर्शनात महेश्वरी घेताना काठ उलटून पाहा. पारंपरिक महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो. हातमागाचं सरकारी चिन्हही तपासा. आणि घासाघीस करण्याआधी विक्रेत्याला एवढं विचारा, की यातले विणणाऱ्याला किती मिळाले? ज्याची वही स्वच्छ असेल तो सांगेल.