घरातील वीज आणि पायाखालची जमीन



वसंतातील व्याख्यानाचा विषय वसंतासारखाच रम्य असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज आपल्याशी अंगणातील एका खड्ड्याविषयी बोलणार आहे. घर बांधताना वायरमन एक खड्डा खणावयास सांगतो, त्यात लोखंडी नळी किंवा पत्रा पुरतो, कोळसा आणि मीठ टाकतो, आणि ‘अर्थिंग झाले’ असे म्हणून निघून जातो. नंतर त्या खड्ड्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. कित्येक घरांत तो नेमका कोठे आहे हेही सांगता येत नाही, कारण त्यावर फरशी बसलेली असते.

हा विषय याच ऋतूत काढण्यास कारण आहे. चैत्र-वैशाखात सोलापुरात कूलर बाहेर निघतात. पत्र्याची पेटी, आत पाणी, त्यात पाण्याचा पंप, आणि ओल्या पायांनी त्यात बादली ओतणारी गृहिणी. नळाला पाणी आले की मोटार लावण्याची धावपळ, तीही ओल्या फरशीवर. म्हणजे विजेचा धोका सर्वांत जास्त असतो तो याच दोन महिन्यांत, आणि पायाखालची जमीन सर्वांत कोरडी असते तीही याच दोन महिन्यांत.

जमिनीचा विजेशी संबंध काय, हे प्रथम पाहू. वीज ही नेहमी फेरा पूर्ण करू पाहते. १८३८ साली श्टाइनहाइल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला तारायंत्राचे प्रयोग करताना असे आढळले की, परतीची तार घातली नाही तरी चालते. तिचे काम जमीनच करते. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरील ट्रान्सफॉर्मरची न्यूट्रल तार जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे फेजच्या तारेला स्पर्श करून जमिनीवर उभा असलेला माणूस श्टाइनहाइलच्या परतीच्या तारेचाच एक तुकडा होतो. कूलरमधील तारेवरील आवरण झिजले आणि ती पत्र्याला टेकली, तर सगळी पेटी २३० व्होल्टची होते. ती दिसावयास मात्र कालच्यासारखीच असते.

अशा वेळी पत्र्याला जोडलेली हिरवी तार विजेला जमिनीकडे सोपी वाट देते, मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो आणि घरमालक वाचतो. हे आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. ते खोटे नाही. परंतु सोलापूरच्या बहुतेक घरांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि आज मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

हिशेब साधा आहे. समजा, आपल्या खड्ड्याचा विरोध १० ओहम आहे. आपल्याकडे हे उत्तमच अर्थिंग म्हणावयाचे. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा विरोध २ ओहम धरू. २३० ला १२ ने भागले की सुमारे १९ अँपियर येतात. आता १६ अँपियरचा एमसीबी १९ अँपियरला उडतो का? तासभर वाट पाहिली तरी उडेलच असे नाही. आणि तोवर कूलरच्या पत्र्यावर किती व्होल्ट? सुमारे १९०! म्हणजे खड्डा आहे, हिरवी तार आहे, मीठ-कोळसा आहे, आणि तरीही माणूस दगावू शकतो.

हे १० ओहमचे झाले. आपली जमीन कशी आहे? वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. काळी माती ओली असेल तर वीज सहज वाहून नेते. उन्हाळ्यात तीच माती आक्रसते, तिला बोटभर भेगा पडतात आणि ती नळीपासून सुटते. कोरड्या मुरुमात अडीच मीटरच्या एका नळीचा विरोध कित्येक दहा ओहमांवर सहज जातो, खडकात शेकड्यांवर. विहीर खणणाऱ्याला जे ठाऊक असते ते घर बांधणाऱ्याने विसरून चालत नाही.

येथे वायरमन मंडळींच्या एका लाडक्या परीक्षेविषयी बोलले पाहिजे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा दिवा लावावयाचा. तो लखलखीत लागला की ‘अर्थ एक नंबर!’ आमच्या ओळखीचे एक वायरमन या परीक्षेवर शपथ घ्यावयास तयार असतात. आता पाहा. त्या दिव्याचाच विरोध सुमारे ५३० ओहम. खड्डा ५ ओहमचा असेल तर दिव्याला २२७ व्होल्ट मिळतात. ५० ओहमचा असेल तर २०९. डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. परंतु त्या ५० ओहमच्या खड्ड्यातून दोषाच्या वेळी जाणार जेमतेम साडेचार अँपियर, आणि त्याने कोणताही फ्यूज उडणार नाही. शिवाय अर्थची तार मध्येच तुटलेली असेल तर ही परीक्षा चालू असताना घरातील प्रत्येक पत्रा जिवंत होतो. विरोध मोजावयाचे यंत्र मिळते, ते आणावे.

मग काहीजण युक्ती काढतात की, न्यूट्रल जमिनीला जोडलेलीच आहे ना? मग पाट्यावरच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून टाका! फ्यूज तर खटकन उडतो. यात तथ्य आहे, हे मी नाकारीत नाही. इंग्लंडमध्ये अनेक घरांत वीज पुरविणारी कंपनी स्वतः अशी जोडणी करून देते. पण तेथे ती जोडणी कंपनीची, देखभाल कंपनीची, आणि न्यूट्रल वाटेत ठिकठिकाणी जमिनीला बांधलेली. आपल्याकडे तार खांबावरून येते. वैशाखातील वळवाच्या वादळात एक फांदी पडून न्यूट्रल तुटली, तर काय होईल? घरात लागलेल्या दिव्यातून गेलेली वीज परतीची वाट शोधीत त्या बांधलेल्या गाठीतून फ्रीज, इस्त्री, कूलर, गिझर अशा प्रत्येक पत्र्यावर येईल. एकाही उपकरणात दोष नाही, एकही फ्यूज उडत नाही, आणि सगळे घर मात्र सापळा झालेले! ही गाठ आपल्या घरात असेल तर ती जाणकाराकडून आधी सोडवून घ्यावी.

नळाच्या पाइपला अर्थ बांधण्याची चालही अशीच. पाइप लोखंडी होते तोवर ते निभावले. आता वाटेत प्लास्टिकचा एक तुकडा बसला की वीज जमिनीत न जाता तोटीवर येऊन थांबते.

तेव्हा करावयाचे काय? खड्डा हवाच, पण त्याच्या जोडीला आरसीसीबी नावाचे यंत्र हवे. बाजारात त्याला जुन्या सवयीने ईएलसीबीही म्हणतात. त्याचे काम समजण्यास सोपे आहे. गड्ड्याच्या यात्रेला मुले नेताना गुरुजी जाताना मोजतात आणि येताना मोजतात. एक जरी कमी भरले तरी तेथेच थांबतात. हे यंत्र फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परतलेली वीज सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की, म्हणजे तेवढी वीज आडवाटेने जमिनीत गेली की, ते क्षणार्धात पुरवठा तोडते.

हा ३० चा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झील यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग केले. हातात धरलेली तार सोडता येईल असा प्रवाह पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपियर आणि स्त्रियांत साडेदहाच्या आसपास निघाला. त्यापुढे मूठ वळते ती सुटत नाही. प्रवाह आणखी वाढला आणि टिकला की हृदयाची लय बिघडते. आरसीसीबी असूनही शॉक बसतो. मात्र तो जीव जाण्याइतका वेळ टिकत नाही.

आता पुन्हा आपल्या खडकाकडे या. समजा, खड्डा ३०० ओहमचा, म्हणजे फ्यूजच्या दृष्टीने अगदी टाकाऊ. आरसीसीबी असेल तर ३० मिलिअँपियरला ते यंत्र पडते, आणि तेव्हा पत्र्यावर जेमतेम ९ व्होल्ट टिकलेले असतात! जी जमीन फ्यूजला साथ देत नाही ती या यंत्राला पुरते. म्हणून खडकाळ भागातील मंडळींनी एकामागून एक खड्डे खणून त्यांत मिठाची पोती रिचविण्याआधी हे यंत्र बसवावे. उलट, यंत्र आहे म्हणून खड्डा नको असेही म्हणू नये. खड्डा नसेल तर विजेला आडवाट मिळते ती थेट आपल्या शरीरातून, आणि यंत्र पडते ते आपल्याला शॉक बसल्यावर. एमसीबीही काढून टाकावयाचा नाही. तारांवरील जादा भार हा आरसीसीबी ओळखत नाही.

‘हा फार उडतो’ म्हणून ते यंत्र काढून ठेवलेली घरे पुष्कळ आहेत. बहुधा गिझरची कांडी झिरपत असते, नाहीतर मघाची ती न्यूट्रल-अर्थची गाठ कोठेतरी लपलेली असते. गुरुजी मुले मोजून ‘एक कमी आहे’ म्हणतात, आणि आपण गुरुजींनाच घरी पाठवितो!

पूर्व भागातील बंधूंसाठी एक शब्द. जेथे घरातच माग चालतो, तेथे मोटारीची चौकट, मागाचा सांगाडा आणि शेजारी झोपलेली मुले एकाच खोलीत असतात. तेथे मोटारीला वेगळी, जाड, दोन ठिकाणी बांधलेली अर्थची तार हवी. कंपनाने एक सुटली तरी दुसरी राहते. आणि जे भाड्याने राहतात, ज्यांना अंगणच नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावे की, १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच ग्राहकाच्या जागेत अर्थचे टोक देण्याची जबाबदारी वीज पुरविणाऱ्यावर टाकली होती, आणि ते कलम २०१० च्या विनियमांतही आले. मीटरपाशी ते टोक आहे की नाही, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आरसीसीबीवर एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. यंत्र पडले नाही तर ते त्याच दिवशी बदलावे. मात्र ते बटण यंत्राची परीक्षा घेते, खड्ड्याची नव्हे. खड्ड्याचा विरोध वेगळा मोजावा लागतो, आणि मोजावयाचा तो वैशाखात. श्रावणात मोजला तर आकडा फार सुंदर येतो. पण कूलर तेव्हा माळ्यावर गेलेला असतो.