वस्तीची मोजणी

ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकलगाडी ऐरोली सोडून रबाळें स्थानकांत शिरते, तेव्हां पश्चिमेस खाडीकडील सखल प्रदेश व पूर्वेस पारसिकच्या डोंगराच्या दिशेनें पसरलेलीं कारखान्यांचीं छपरें दृष्टीस पडतात. त्या छपरांच्या पलीकडे, उताराच्या कडेनें, पत्र्याचीं घरें दाटीनें उभीं आहेत. कारखान्यांत, बांधकामावर आणि शहरांतील घराघरांत राबणारे हात तेथून येतात. त्यांपैकीं बऱ्याच वस्त्यांची जमीन औद्योगिक विकास महामंडळाची, आणि आरोग्य राखण्याचें काम १९९२ सालीं अस्तित्वांत आलेल्या महानगरपालिकेचें. अशा ठिकाणीं नळाचा प्रश्न निघाला कीं जमिनीचा प्रश्न त्याच्या आधीं उभा राहतो.

शहराच्या आरोग्याचा अहवाल उघडला म्हणजे त्यांत सरासरी असते. आणि सरासरी ही मोठी सभ्य वस्तु आहे, ती कोणाचेंच वैगुण्य चव्हाट्यावर आणीत नाहीं. १९२१ सालीं मुंबईंत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सुमारें ६६७ अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं, असा हिशेब निघाला होता. तोच हिशेब खोल्यांप्रमाणें मांडला, तेव्हां एका खोलींत राहणाऱ्यांत तो ८२८ भरला, आणि चार किंवा अधिक खोल्या असणाऱ्यांत १३३. पुष्कळ बायका बाळंतपणास गांवीं जात. जन्म तिकडे होई आणि पुढें मृत्यु झाला तर त्याची नोंद मात्र मुंबईंत होई. तेव्हां हे आंकडे जसेच्या तसे घेतां येत नाहींत हें खरें. परंतु ८२८ आणि १३३ यांमधील दरी एवढ्या खुलाशानें बुजत नाहीं.

ही दरी मोजणार कोण? दारांत कागद घेऊन उभ्या राहिलेल्या परक्या गृहस्थास वस्तींतील बाई काय सांगणार? हा घर पाडणाऱ्या खात्याचा तर नव्हे, ही शंका तिच्या मनांत आधीं येते. लंडनमध्यें १८५४ सालीं पटकीची सांथ आली, तेव्हां सार्वजनिक पंपाच्या पाण्यावर डॉक्टर जॉन स्नो यांनीं बोट ठेवलें, हें सर्वश्रुत आहे. पण तेथील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. ते आरंभीं स्नो यांच्या मताविरुद्ध होते. परंतु त्या आळींतील घर न् घर त्यांच्या ओळखीचें होतें, म्हणून पंपाशेजारच्या घरांतील आजारी तान्ह्या मुलाच्या दुपट्यांचें पाणी कोठें टाकलें गेलें, हें त्यांना विचारतां आलें. त्यांचें मतहि त्या विचारपुशींतूनच पालटलें.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर कौला बंदर नांवाची वस्ती आहे. तेथें ‘पुकार’ या संस्थेनें वस्तींतल्याच तरुणांना प्रश्न विचारण्याचें, टिपण्याचें व मोजण्याचें शिक्षण दिलें. त्यांना ‘अनवाणी संशोधक’ असें नांव पडलें; संस्थेचें नेतृत्व त्या काळीं नवजात अर्भकांच्या तज्ज्ञ डॉक्टर अनिता पाटील-देशमुख यांच्याकडे होतें. जमीन बंदर न्यासाची, म्हणजे केंद्र सरकारची. त्यामुळें पालिकेच्या दृष्टीनें ही वस्ती अधिकृत यादींत नव्हती, आणि यादींत नाहीं म्हणून नळ नाहीं. मग आगीच्या बंबासाठीं घातलेल्या भूमिगत नळांना मोटर लावून पाणी ओढीत आणि रबरी नळींनीं घरोघर विकीत. या व्यवहाराचा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. पालिकेचा प्रमाण दर त्या वेळीं हजार लिटरला सव्वादोन रुपये होता. कौला बंदरांत लोक त्याच्या ५२ पासून २०६ पटींपर्यंत पैसे मोजीत असल्याचें त्यांत आढळलें. गरिबाला पाणी फुकट मिळतें अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं स्वतःच्या घरपट्टीच्या कागदावरील पाण्याचा आकार एकदा काढून पाहावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याच्या परीक्षेंत उघड झाली. पावसाळ्यांत विक्रेत्याच्या मोटरीपाशींच पाणी निम्म्या नमुन्यांत दूषित निघालें. इतर ऋतूंत मोटरीपाशीं पाणी निर्मळ होतें. परंतु घरांतील पिंपांत साठवलेलें पिण्याचें पाणी सर्वच ऋतूंत दूषित आढळलें. म्हणजे दोष गृहिणीच्या निष्काळजीपणाचा, असें कोणी झटकन् म्हणेल. वस्तुतः जें पाणी कधीं येईल याचा नेम नाहीं, तें दिवसचे दिवस पिंपांत ठेवावेंच लागतें. त्यांत भांडें बुडतें, हात बुडतो. नळ रोज वेळेवर आला तर पिंपाचें प्रयोजनच पुष्कळ कमी होतें. “पाणी उकळून प्या” एवढें सांगून मोकळें होणाऱ्यांनीं इंधनाचा खर्चहि सांगावयास हवा.

अशा संशोधनांतून नेहमींच मनाजोगतें उत्तर निघतें असें मात्र नाहीं. शीवच्या रुग्णालयांत नवजात अर्भकांचा विभाग नांवारूपास आणणाऱ्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९९९ सालीं ‘स्नेहा’ ही संस्था स्थापिली. नेपाळांतील मकवानपूर जिल्ह्यांत बायकांचीं मंडळें भरवून नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ३० नीं उतरल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें होतें. तोच प्रयोग मुंबईच्या ४८ वस्त्यांत झाला. निम्म्यांत मंडळें भरविलीं, निम्म्यांत नाहीं. २००६ ते २००९ या तीन वर्षांत १८,१९७ जन्म नोंदले गेले. त्यासाठीं वस्तींतल्याच स्त्रिया कोणाला दिवस गेले, कोण बाळंत झाली, याची खबर ठेवीत. शेवटीं ताळा जमविला, तेव्हां दोन्ही बाजूंच्या काळजींत फरक नव्हता, आणि मंडळांच्या बाजूस बालमृत्यु कमी झाल्याचेंहि दिसलें नाहीं. हें अपयश संशोधकांनीं २०१२ सालीं उघडपणें छापलें. नेपाळच्या डोंगरांत बहुतेक बाळंतपणें घरीं होत. मुंबईंत बहुतेक बायका आधींच रुग्णालयांत जात होत्या. तेव्हां बाईला रुग्णालयाचा दरवाजा दाखविण्याचें काम फारसें उरलेंच नव्हतें. दरवाजाच्या आंत काय होतें हा प्रश्न होता, आणि तो मंडळाच्या हातचा नव्हता.

पुढें त्याच संस्थेनें वस्त्यांतून केंद्रें उघडून पाहिलीं. २०१७ सालीं त्याचे निष्कर्ष आले: कुटुंबनियोजनाची गरज भागण्यांत सुधारणा झाली, पण साऱ्या वस्तीचा हिशेब धरतां मुलांच्या पूर्ण लसीकरणांत फरक पडला नाहीं.

पाण्याच्या बाबतींत प्रश्न न्यायालयांत गेला. ‘पाणी हक्क समिती’च्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०१४ मध्यें सांगितलें कीं, झोंपडी बेकायदा असली तरी तींत राहणाऱ्यास पाणी नाकारतां येणार नाहीं. २०२२ च्या मे महिन्यांत मुंबई महापालिकेनें सर्वांसाठीं पाणी हें धोरण जाहीर केलें. खाडीच्या अलीकडे रबाळ्याच्या उतारावर मात्र एखाद्या वस्तींत किती पिंपें आहेत, तीं कितव्या दिवशीं भरतात आणि भरण्यास कोणत्या मुलीची शाळा बुडते, हें त्या मुलीच्याच हातीं वही दिली तर आठ दिवसांत कळण्याजोगें आहे.