इंजिन तगडं आणलं, गिअरबॉक्स कोणता घ्यायचा?

(सामुदायिक रेडिओवरचं भाषण)

चारठाण्याहून मी बोलतेय. मागच्या महिन्यात दोन गटांच्या बायांनी एकच प्रश्न विचारला, “अक्का, आम्ही जुनी गाडी घेतोय, इंजिन नवं बसवतोय, तुमच्यासारखी वारीची गाडी करायचीय. गिअरबॉक्सचं काय करू?” प्रश्न मिस्त्रीचा आहे, पण पैसा गटाचा आहे आणि आत बसणाऱ्या आपण आहोत. म्हणून आज त्यावरच बोलते.

आमची गाडी म्हणजे मॅटॅडोर, 1980 च्या दशकातली. आत दोन्ही बाजूंनी फळ्या, रात्री त्यावर गाद्या, मागं पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, दाराला आतून कडी. वारीत बाईमाणसाला रात्री पाठ टेकायला आणि कपडे बदलायला आडोसा मिळावा, एवढ्यासाठी घेतली. तिकडं जर्मनीत याच जातीच्या गाड्यांची लोकांनी फिरती घरं केली. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीनं, म्हणजे 1958 साली सुरू झालेल्या आणि 2005 पासून फोर्स मोटर्स नाव घेतलेल्या कंपनीनं, हा मूळचा जर्मन नमुना इथं बनवला. गंमत म्हणजे जर्मनीतल्या पहिल्या मॅटॅडोरला 1949 साली फोक्सवॅगनचं इंजिन होतं. पुढं ते मिळायचं बंद झालं आणि त्यांनाही दुसरं शोधावं लागलं. इंजिन बदलण्याची कटकट या गाडीच्या पत्रिकेतच आहे म्हणा ना.

आमचं जुनं लहान इंजिन थकलं होतं. धूर, चढाला दम, रोज ऑइल. मग गटानं ठरवून त्याच कंपनीचं 2.4 लिटरचं डिझेल इंजिन आणलं, मर्सिडीझच्या नमुन्याचं, जे पुढच्या मॅटॅडोरला आणि ट्रॅक्सलाही येत होतं. गिअरबॉक्स मात्र जुनाच ठेवला. मिस्त्री म्हणाला, “ताई, मधी जाड प्लेट टाकून बसवतो, चालतंय.” आम्ही मान डोलावली. तिथंच चुकलो.

तुम्हीच सांगा, खोंड तगडा आणला आणि जू तेच जुनं ठेवलं, तर काय होईल? जू तुटेल. गिअरबॉक्सच्या आत पोलादी दांडे आणि दातेरी चाकं असतात. इंजिन जेवढा पीळ देतं तेवढा त्या दांड्यावर आणि दातांवर पडतो. जुना गिअरबॉक्स जुन्या इंजिनाचा पीळ धरून बनवलेला. चार महिने काही झालं नाही. मग तिसऱ्या गिअरला कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. आम्ही म्हटलं, जुनी गाडी, आवाज करणारच.

पंढरपूरहून परत येताना मांजरसुंब्याचा घाट उतरत होतो. आत अकरा जणी, दोन लहान लेकरं, भांडी, गाद्या. गाडी तिसऱ्यावर होती. उतारावर पोरानं अॅक्सिलरेटर सोडला आणि गिअर आपोआप निसटून न्यूट्रल झाला. इंजिनाची पकड सुटली, गाडी मोकळी धावायला लागली. ब्रेक दाबला तसा तापून वास यायला लागला. पोरगं हुशार, हँडब्रेक थोडा थोडा ओढत त्यानं गाडी कडेला घेतली. आम्ही उतरून चाकाखाली दगड लावले. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या दिवशी एक बाई जी रडायला लागली ती बीड येईपर्यंत थांबली नाही, आणि ती बाई मीच.

घरी आल्यावर गटाची बैठक झाली. तीन वाटा समोर होत्या.

एक, तोच गिअरबॉक्स नवे दाते, नवी बेअरिंगं घालून दुरुस्त करायचा. सगळ्यात स्वस्त. पण दांडा तोच राहणार.

दुसरी वाट एका हौशी माणसानं सुचवली, ट्रॅव्हलरचा पाच गिअरचा बॉक्स टाका, पाचव्यात गाडी कशी सरसर जाते बघा. बाया खूश झाल्या. पण मॅटॅडोरची पुढची चाकं गाडी ओढतात, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल पुढं एकाच पेटीत आहेत. ट्रॅव्हलरची मागची चाकं ढकलतात, तिथं गिअरबॉक्सपासून मागं लांब दांडा जातो. इंजिन एका घराण्याचं असलं तरी गिअरबॉक्स उचलून इकडचा तिकडं बसत नाही. बसवायचा म्हणजे मागचा एक्सल, लांब दांडा, चेसिस कापणं, जोडणं. आमची खाली सपाट असलेली जमीन, जिच्यावर गाद्या पडतात, तीही गेली असती. शिवाय आरटीओत ते कुणी मान्य केलं नसतं.

तिसरी वाट, ज्या मॅटॅडोरला हेच 2.4 इंजिन कंपनीतून आलं, तिचाच गिअरबॉक्स शोधायचा. तो त्या पिळासाठीच बनवलेला. आम्ही हाच घेतला. मिळायला दीड महिना लागला.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर मिस्त्री कमी बोलतात. ती म्हणजे फेऱ्यांचा हिशेब. पिठाच्या गिरणीत बघा, मोटारीची पुली लहान, जात्याची मोठी. मोटार तीन फेरे फिरते तेव्हा जातं एकदा फिरतं. पुली बदलली की पीठ जाड-बारीक होतं, मोटार तापते. गिअरबॉक्स म्हणजे हव्या तशा बदलता येणाऱ्या पुल्या. समजा, चाक एका फेऱ्यात दोन मीटर जातं आणि इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरतंय. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे 6 फेरे म्हणजे चाकाचा एक, असं असेल तर चाक 500 फेरे फिरलं, गाडी मिनिटाला 1000 मीटर गेली, तासाला 60 किलोमीटर. तेच 5 फेऱ्यांना एक असेल तर तासाला 72. आमचा जुना बॉक्स सहाच्या जवळचा, लहान इंजिनाला झेपावा म्हणून तसा. मोठं इंजिन त्यावर बसवलं तर साठलाच ते ओरडायचं आणि डिझेल खायचं. पण 4 ला एक घ्यायचा मोहही नको. तासाला 90 दिसतं कागदावर, पण भरलेली गाडी चढाला लागली की तो गिअर झेपत नाही, सारखं खाली यावं लागतं. आपल्याला जिंतूरकडचे डोंगर चढायचेत, शर्यत नाही लावायची.

पहिला गिअर मात्र जास्त फेऱ्यांचाच हवा. 20 ला एक असेल तर 3000 फेऱ्यांना तासाला 18 किलोमीटर, म्हणजे चिखलातून, चढावरून, भरल्या गाडीनं क्लच न जाळता निघता येतं. उतारावरही हेच गिअर गाडी धरून ठेवतात. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, ही रीत पोराला आम्ही पाठ करून घेतली. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल टाकणाऱ्याला आमच्या गाडीची चावी मिळत नाही.

हे फेरे तुम्ही स्वतः मोजू शकता. आम्ही संभाजीनगरच्या भंगार बाजारात मोजले, दुकानदार हसत होता. मॅटॅडोरचा बॉक्स बाहेर काढलेला असतो तेव्हा दोन्ही बाजूंना चाकांकडे जाणाऱ्या फ्लँजा असतात. एक घट्ट धरायची, वरच्या दांड्यावर खडूची खूण करायची आणि तो फिरवायचा. दुसरी फ्लँज दोन फेरे पुरे करेपर्यंत वरच्या दांड्याचे किती झाले ते मोजायचे. एक बाजू अडवली की दुसरी दुप्पट फिरते, म्हणून दोन. प्रत्येक गिअर टाकून वहीत लिहून घ्या. आमचा चौथा पाचाच्या किंचित वर भरला, पहिला विसाच्या आसपास. मग दुकानदार हसायचा थांबला.

त्याच वेळी ऑइलचा खालचा नट काढून बोट लावा. राखेसारखी बारीक काळी पूड असेल तर वय आहे, चालेल. चमकणारे तुकडे, सोलपटं दिसली तर सोडून द्या. दांडा हातानं वर-खाली हलवून बघा, खटखट वाजला तर बेअरिंग गेलंय. क्लच प्लेटच्या मधल्या छिद्राचे दाते आणि दांड्याचे दाते मोजा, एकानंही कमी-जास्त असतील तर बसणार नाही. ऑइल कोणतं, ते त्या बॉक्सच्या पुस्तकाप्रमाणे. गावात मिळालं ते ओतायचं नाही, आतल्या पितळी कड्या त्यानंच खराब होतात. आणि टायरचा आकार बदलला किंवा गिअरबॉक्स बदलला की काट्यावरचा वेग खोटा होऊ शकतो. आम्ही किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ लावून तपासला.

कागदाचं राहिलंच. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल आपल्या मनानं करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओत जा, आपलं कार्यालय परभणीला, एमएच 22. इंजिनाचं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर हवा. तोच नंबर नोंदणीत चढवून घ्या. तो नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. आमच्या गटात हे आधी केलं नव्हतं, त्यासाठी चार खेपा जास्त झाल्या. पुढं पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, त्या तपासणीत हेच बघतात.

पैशाचं खरं सांगते. तिसऱ्या वाटेला पहिल्या वाटेच्या दुप्पट खर्च आला. गटात दोघी नाराज झाल्या, एकीनं तीन बैठका बोलणं सोडलं. यंदा आषाढीला तीच पहिली येऊन गाडीत जागा धरून बसली. मांजरसुंब्याला उतारावर पोरानं तिसरा टाकला, आम्ही सगळ्या गप्प, कान लावून. गिअर जागचा हलला नाही. मग कुणीतरी शेंगदाण्याचे लाडू काढले.

पुढच्या वेळी ब्रेकच्या तेलावर बोलू. तुमचे प्रश्न असतील तर गटाच्या वहीतून पाठवा. नमस्कार.