आवाज बंद करून पाहा



अध्यक्षानं अ‍ॅनिमेशन व्यवसायाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच विषयावर बोलणार आहे: नोकरीसाठी पाठवायचा शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाची छोटी फिल्म, आणि त्याखाली लावायचं संगीत. अध्यक्षीय व्यासपीठावरून एवढा छोटा विषय का, असं कुणाला वाटेल. फेब्रुवारी २०२५ आठवा. व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम करणारा टेक्निकलर समूह कोसळला, त्याचे भारतातले स्टुडिओ बंद पडले आणि हजारो कलाकार एकदम काम शोधायला बाहेर पडले. त्यांतल्या कित्येकांनी शोरीलला वर्षानुवर्षं हात लावलेला नव्हता. मग तो रातोरात जुळवला गेला. हार्ड डिस्कवर जे सापडलं ते ओळीनं लावलं, खाली ट्रेलरछाप दणदणीत संगीत टाकलं आणि पाठवून दिलं. उत्तम हात असलेली माणसं अशा शोरीलमुळे मागे राहताना मी पाहिली आहेत. ते मला सहन होत नाही, म्हणून हा विषय.

शोरील आपल्याकडे नवा नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके इंग्लंडहून परतले, मागवलेला कॅमेरा हाती आला, पण चित्रपटात पैसा घालायला कोणी धजत नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभर रोज एक-एक फ्रेम घेत गेले. त्यातून मिनिटभराची फिल्म तयार झाली. ती त्यांनी मोजक्या माणसांना दाखवली, यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. तो मूकपटांचा काळ. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते, एवढ्याच भांडवलावर ते मिनिट उभं होतं. या माणसाला कॅमेरा कळतो, काळाचं गणित कळतं आणि याच्याकडे धीर आहे, हे पाहणाऱ्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नाही. आज अर्जदाराकडून आम्हालाही हेच हवं असतं.

शोरील कसा पाहिला जातो, ते मुलांना कुणी नीट सांगत नाही. एका जागेसाठी अर्जांचा ढीग येतो. सुपरवायझर डेलीज (रोजच्या शॉटची तपासणी) आणि मीटिंग यांच्यामधल्या फटीत लिंक उघडतो. हेडफोन गळ्यात लटकत असतात, कानावर नसतात. हॉलमध्ये आणखी वीस माणसं काम करत असतात, म्हणून स्पीकर बंद असतो. पहिल्या दहा सेकंदांत काही दिसलं नाही तर तो पुढच्या लिंककडे जातो. दिसलं तर थांबतो, मागे जातो, फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत पाऊल कुठे टेकतं, खांदा कधी वळतो ते बघतो. या फ्रेम-फ्रेम बघण्यात संगीत कुठेच नसतं. म्हणून माझा आग्रह असा, की शोरील आधी मुका कापा. सगळ्यात चांगला शॉट सुरुवातीला, त्याच्या खालोखालचा शेवटी. ज्याच्याबद्दल तुमच्याच मनात शंका आहे तो बाहेर काढा, मग लांबी पंचेचाळीस सेकंद भरली तरी चालेल. आवाज बंद ठेवून तो दोघा-तिघांना दाखवा. त्यांतला एक तरी आपल्या धंद्याबाहेरचा असावा. त्यांचे डोळे कुठे हलतात ते पाहा. हे झाल्यावरच संगीताकडे वळा.

इथे कुणी विचारेल, अ‍ॅनिमेशन आणि संगीत तर जन्माचे सोबती, मग ही ताटातूट का? खरं आहे. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’पासून चित्राची फ्रेम आणि संगीताची मात्रा एकाच कागदावर मांडली जाऊ लागली. आपल्याकडचं उदाहरण ‘एक अनेक और एकता’. १९७४ सालची ही छोटी फिल्म विजया मुळे यांची, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं. ती पाहिलेली पिढी आज साठीकडे झुकली असेल, पण चित्र आठवलं की चाल आपोआप येते. तिथे चाल आणि चित्र एकमेकांसाठीच घडली होती. शोरीलमध्ये मात्र चार वेगवेगळ्या कामांतले तुकडे असतात, प्रत्येकाची लय वेगळी. त्यांच्यावर बाहेरून एक ठेका लादला, की सगळ्यांत आधी नुकसान होतं ते कामाच्या स्वतःच्या लयीचं.

एक शॉट सांगते. एका तरुणानं अवजड, हत्तीसारख्या प्राण्याची चाल केली होती. पाऊल जमिनीला टेकतं, त्यानंतर दोन-तीन फ्रेममध्ये अंगाचा भार त्यावर उतरतो, कातडी थरथरते, मग मान खाली येऊन सावरते. वजन दिसतं ते या उतरण्यात. पण ढोलाचा ठोका पडतो म्हणून त्यानं कट पाऊल टेकताक्षणीच मारला होता. भार उतरायच्या आत आम्ही पुढच्या शॉटमध्ये! महिनाभराची मेहनत त्या ठोक्यानं गिळली. संगीत काढून तोच शॉट अर्धा सेकंद लांबवला, तर वजन लगेच जाणवलं.

याचा अर्थ संगीत नकोच, असा नाही. आवाज लावून पाहणारेही आहेत, आणि नीट निवडलेलं संगीत त्यांना शेवटपर्यंत धरून ठेवतं. निवडताना थोडं गणित करा. आपण सेकंदाला २४ फ्रेम धरतो. मिनिटाला १२० मात्रांची लय घेतली तर बरोबर १२ फ्रेमला एक मात्रा पडते. ९६ ची घेतली तर १५ फ्रेमला, ९० ची तर १६ ला. १०० ची घेतली, की मात्रा १४.४ फ्रेमवर येते. अर्ध्या फ्रेमचा फरक कानाला कळत नाही, पण प्रत्येक वेळी १४ धरून कापत गेलात तर दहा मात्रांनंतर चार फ्रेमनं मागे-पुढे झालेलं असतं, आणि ते कुणालाही खटकतं.

तबला शिकलेल्यांना आणखी एक सोय आहे. १२० च्या लयीत तीनतालाचं एक आवर्तन आठ सेकंदांचं; ९६ सेकंदांच्या शोरीलमध्ये बारा आवर्तनं बसतात. प्रत्येक मात्रेवर कट मारायची गरज नाही. मोठा बदल, म्हणजे एका कामातून दुसऱ्या कामात जाणं, तेवढं समेवर आलं तरी पुरतं. मधली जागा शॉटला त्याच्या गतीनं जगू द्या.

शब्द असलेलं गाणं टाळा. माणूस शब्दांमागे जातो. गाजलेलं सिनेगीत असेल तर तो त्या सिनेमात जातो, तुमच्या शॉटवर उरतच नाही. आणि संवादावर अभिनय केलेला शॉट असेल तर तिथे संगीत पूर्ण थांबवा. ओठ आणि शब्द जुळतात का, श्वास कुठे घेतला, बोलण्याआधी डोळ्यांत विचार येतो का, हे तपासायचं असतं. त्याखाली तानपुरा जरी वाजला तरी अडथळाच. रोटो, पेंट, कंपोझिटिंग (चित्रित दृश्यातले भाग वेगळे करणं, पुसणं, जोडणं) करणाऱ्यांना संगीताची फार चिंता करायचं कारणच नाही; मूळ चित्रण (प्लेट), वेगळा केलेला आकार (मॅट) आणि अंतिम चित्र एकामागोमाग स्वच्छ दिसलं की झालं. मात्र प्रत्येक शॉटवर एका ओळीत लिहा, यात मी नेमकं काय केलं. तीस जणांच्या हाताखालून गेलेल्या शॉटखाली नुसतं आपलं नाव लिहिणं अप्रामाणिक आहे, आणि ते फार लवकर उघडं पडतं.

आता हक्कांचा प्रश्न, कारण इथे सर्रास हेळसांड होते. ‘इंटरनेटवर फुकट मिळालं’ म्हणजे वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे. त्याला गेल्या शतकात कुणी लावलेली चाल त्या संगीतकाराची आहे. आणि ती गाऊन झालेलं रेकॉर्डिंग आणखी तिसऱ्याचं. आपल्या कायद्यात चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, रेकॉर्डिंगवरचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. शोरील लंडन-व्हँकूव्हरला जाणार असेल तर तिथले नियम वेगळे. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घेताय, तर परवान्याची अटही वाचा. ज्यात फेरफाराला मनाई आहे ते संगीत चित्राशी जुळवूनच लावता येत नाही, कारण तसं जुळवणं हाच त्या परवान्यात फेरफार मानला जातो. नाव द्यायची अट असेल तर शेवटच्या पाटीवर नाव द्या. यूट्यूबची यंत्रणा ओळखीचं संगीत आपोआप पकडते. मग तुमच्या लिंकचा आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ त्या देशात दिसतच नाही, आणि तुम्हाला वाटतं आपल्याला नाकारलं.

त्यापेक्षा एक वाट सुचवते. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात, पणजीतही तबला, संवादिनी, गिटार शिकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या एकाला गाठा, मुका शोरील दाखवा, ९६ सेकंदांचं काम द्या. ठरलेले पैसे द्या, थोडे का होईनात, आणि कशासाठी वापरणार ते ईमेलवर लिहून घ्या. त्यालाही स्वतःचा नमुना मिळेल, तुम्हालाही दुसऱ्या कुणाच्या शोरीलमध्ये ऐकू न येणारं संगीत मिळेल. दोन नवख्या कलाकारांनी एकमेकांना उभं करावं, याहून चांगलं काय असणार!

संस्थाचालकांना एक विनंती. एका वर्गातून बाहेर पडलेल्या शोरीलमध्ये तीच मोफत मिळालेली संगणकी कठपुतळी (रिग), तोच उडणारा चेंडू आणि तेच संगीत असतं. चेंडू उडवायला शिकवा, अवश्य शिकवा, पण शोरीलसाठी प्रत्येकाला स्वतःचं निरीक्षण करायला लावा. बाजारात भाजी तोलणाऱ्या बाईचं मनगट, बसला लटकलेल्या माणसाचा तोल, असं काहीतरी त्याचं स्वतःचं.

आणि आपण, काम देणारे? जाहिरातीत लांबी, प्रकार, कोणत्या विभागासाठी काय पाहणार, हे आपण क्वचितच लिहितो. ते लिहायला सुरुवात करू. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर कलाकारानं आपला शॉट दाखवायची परवानगी मागितली, की ती महिनोन्‌महिने अडकते. तोवर त्याच्या शोरीलमध्ये तीन वर्षांपूर्वीचं काम राहतं. यासाठी प्रत्येक स्टुडिओनं एक जबाबदार माणूस नेमावा आणि प्रदर्शनानंतर ठरावीक मुदतीत उत्तर द्यावं. तसा ठराव मी उद्याच्या समारोपाच्या सत्रात मांडणार आहे. स्टुडिओप्रमुखांनी त्या वेळी थांबावं, ही विनंती. आज दुपारी विद्यार्थ्यांचे शोरील दाखवले जातील. ते आपण दोनदा पाहू, पहिल्यांदा आवाज बंद करून, आणि प्रत्येकावर किमान दोन जण उघडपणे बोलतील.